आबिजानचं गोदाम खरं, माल खरा, विकणारा खोटा

परदेशातून कच्ची काजू बी मागवायची म्हटली की जो तो एकच सल्ला देतो: फोनवर विश्वास ठेवू नका, स्वतः जाऊन माल बघून या. आम्ही गेलो, माल बघितला, पोत्यातून बी काढून फोडली आणि तरीही आमच्या तोंडाला पानं पुसली गेली. आता तर मी म्हणेन की जाऊन बघण्यावरच हा सगळा फसवणुकीचा धंदा उभा आहे. आपण घरी बसून असतो तर कागद चार वेळा तपासले असते. डोळ्यांनी माल बघितल्यावर कागद कोण तपासतो?

आमचा कारखाना सिंधुदुर्गात. कोकणातल्या बीच्या चवीला तोड नाही, पण ती वर्षभर कारखाना चालवायला पुरत नाही आणि भावही चढा असतो. त्यामुळे पश्चिम आफ्रिकेच्या बीशिवाय गत्यंतर नाही. आयव्हरी कोस्ट हा जगात सगळ्यात जास्त काजू बी पिकवणारा देश. १९८३ पासून राजधानी यामुसुक्रो असली तरी बँका, बंदर, दलाल, जहाज कंपन्या, सगळं आबिजानला. फेब्रुवारीत हंगाम सुरू झाला की जगभरचे खरेदीदार तिथे उतरतात, आणि त्यांच्या मागावर असणारेही.

तिथल्या विकणाऱ्या कंपनीशी आमची गाठ घालून दिली ती एका भारतीय दलालाने. काजूच्या एका प्रदर्शनात भेटला होता. मुंबईत वाढलो म्हणायचा, मोडकंतोडकं मराठी बोलायचा, "भाऊ, भाऊ" करायचा. त्याने सांगितलेला भाव बाजारापेक्षा टनामागे साधारण ऐंशी डॉलर कमी होता. तीनशे डॉलर कमी सांगितला असता तर आम्ही फोनच ठेवला असता. ऐंशीत माणूस म्हणतो, असेल हंगामाच्या सुरुवातीचा सौदा. आकडा कुठवर खाली आणायचा हे त्या लोकांना नेमकं ठाऊक असतं.

अदिस अबाबाला विमान बदलून आबिजान. पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड जवळ ठेवा. तिथे उतरताना लागतं आणि परत येताना मुंबईतही विचारतात. विमानतळ पोर्ट-बुएला, दर्याच्या बाजूला. तिथून मार्कोरीवरून येऊन खाडीवरचा पूल ओलांडला की प्लातो, म्हणजे उंच इमारतींचा, ऑफिसांचा भाग. तिथेच एका इमारतीत "कंपनीचं ऑफिस". काचेचा दरवाजा, पाटी, रिसेप्शनला मुलगी, कॉफी. अशी सुसज्ज ऑफिसं दिवसाच्या भाड्याने मिळतात, हे नंतर कळलं. कंपनीचा म्हणून भेटलेला मालक फक्त फ्रेंच बोलायचा. आम्हाला फ्रेंचचं एक अक्षर येत नाही. तो काय बोलला ते आम्हाला दलाल सांगणार, आम्ही काय बोललो ते त्याला दलालच सांगणार.

गंमत म्हणजे पहिल्याच जेवणाला या दलालाने आम्हाला फसवणाऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या. इंटरनेटवरून लोकांना गंडवणाऱ्या पोरांना आबिजानमध्ये 'ब्रुतर' म्हणतात, ते कसे बोलतात, खोटं सोनं कसं विकतात, सगळं रंगवून सांगितलं. "भाऊ, इथे मला विचारल्याशिवाय कोणाशी बोलू नका." आम्ही खरंच कोणाशी बोललो नाही.

मग गोदाम. व्रिदी हा बंदराला लागून असलेला कारखान्यांचा, गोदामांचा भाग. लांबलचक शेड, आत छतापर्यंत तागाच्या पोत्यांच्या थप्प्या, दारावर पहारेकरी. त्याने दलालाला बघून सलाम ठोकला. आम्ही सांगू त्या थप्पीतलं, सांगू ते पोतं खाली काढलं. लोखंडी परखी खुपसून नमुने घेतले, एकत्र केले, त्यातली एक किलो बी मोजली. दाणे १९० च्या आसपास. मग हातकटरने एकेक बी फोडायला बसलो. माझ्या भागीदाराचं सगळं आयुष्य याच कामात गेलंय, कुजका, डागी, पोचट दाणा तो बघताक्षणी बाजूला टाकतो. धड गर आणि डागी गराचं निम्मं वजन मिळून २७२ ग्रॅम भरले. म्हणजे ८० किलोच्या पोत्याला ४८ पौंड उतारा, एवढा गर त्यातून निघणार. ओलावाही दहा टक्क्यांच्या आत. आयव्हरी कोस्टची बी म्हणून याहून जास्त काय मागणार? भागीदार खूश, मी खूश. टरफलाच्या तेलाने काळे झालेले हात चोळत आम्ही फोटो काढले.

तो माल अस्सल होता. फक्त त्यांचा नव्हता. गोदाम दुसऱ्याचं, थप्प्या तिसऱ्याच्या, आणि पहारेकऱ्याला हाताशी धरलेलं. मार्कोरीतल्या एका लेबनीज व्यापाऱ्याने पुढे आम्हाला सांगितलं की त्या शेडमध्ये कितीतरी जणांचा माल उतरतो, आणि तोच माल दाखवून ज्यांच्याकडून पैसे उकळले असे लोक त्याच्याकडे याआधीही चौकशीला आले होते.

करार झाला: पाच कंटेनर, वीस टक्के आगाऊ, बाकी बिल ऑफ लेडिंगची, म्हणजे माल जहाजावर चढल्याच्या जहाज कंपनीच्या पावतीची, प्रत आल्यावर. आगाऊ रकमेचा आकडाही हिशेबाने ठरवलेला. दोन लाख डॉलरच्या वर आगाऊ पाठवायचे तर आपली बँक साधारणपणे परदेशी बँकेची हमी मागते. आमची रक्कम त्याच्या बरीच खाली बसवलेली. आणि खातं दुबईतल्या कंपनीचं. इथे जरा थांबा. आयव्हरी कोस्टच्या निर्यातदाराला परदेशी विक्रीचे पैसे नियमाने आपल्या देशातल्या बँकेतून आणावे लागतात. मात्र दुबई-सिंगापूरमधल्या कंपन्यांमार्फत बीचा भरपूर व्यापार होतो, हेही खरं. त्यामुळे दलालाने "सगळे असंच करतात" म्हटल्यावर त्यात काही खटकण्यासारखं वाटलं नाही. फरक एवढाच की खरी दुबईची कंपनी करारही स्वतःच्या नावाने करते. करार एकाशी आणि पैसे दुसऱ्याला, असं असलं की समजा पाणी मुरतंय.

आम्ही परतल्यावर थोड्या दिवसांत बिल ऑफ लेडिंगची पीडीएफ आली. जहाजाचं नाव, कंटेनर नंबर, सील नंबर, आबिजान ते न्हावा शेवा, सगळं जागच्या जागी. सोबत वजनकाट्याच्या पावत्या आणि कंटेनर भरतानाचे फोटो. उरलेल्या रकमेतला निम्मा भाग गेला. मग भागीदाराच्या मुलाने जहाज कंपनीच्या साइटवर नंबर टाकून बघितले. बिल ऑफ लेडिंगचा नंबर सापडेना. कंटेनर मात्र खरे निघाले, त्यातला एक ब्राझीलच्या वाटेवर होता. दलाल म्हणाला, साइटवर यायला आठवडा लागतो. मग म्हणाला, जहाज चुकलं, पुढच्यावर चढवतोय. मग बंदरावरचा निर्यात कर थकलाय, तेवढे पाठवा म्हणजे लगेच सुटेल. ते पाठवले नाहीत तेव्हा फोन बंद.

आता कोणी तिकडे जाणार असेल तर एवढं करा. दुभाषा आपला घ्या, विकणाऱ्याने किंवा दलालाने दिलेला नको. फ्रेंच शिकवणारा पुण्या-मुंबईतला एखादा तरुण व्हिडिओ कॉलवर बसवला तरी चालेल. कापूस आणि काजूचा व्यवहार बघणारी सरकारी परिषद तिथे आहे, ती निर्यातदारांना परवाने देते. यादीत कंपनीचं नाव आहे का ते बघाच, पण यादीतल्या कंपनीचा फोन नंबर स्वतः शोधून तिथे विचारा की हा माणूस तुमचा आहे का. खऱ्या कंपनीचं नाव वापरणं हे तर नेहमीचंच. गोदामात गेलात की माल बघून झाल्यावर गोदाम चालवणाऱ्याच्या ऑफिसात जा आणि या थप्प्या कोणाच्या नावावर आहेत त्याचा कागद मागा. विकणारा तिथे न्यायला टाळाटाळ करू लागला की विमानाचं तिकीट बदला.

तपासणी करणारी संस्था आपण नेमायची, फी आपण भरायची, आणि कंटेनर भरताना तिचा माणूस हजर पाहिजे. नमुना आज उत्तम निघाला म्हणून पुढच्या आठवड्यात तोच माल भरला जाईल असं नाही. ४८ चा उतारा दाखवून ४२ चा माल भरणारे तर अस्सल निर्यातदारांतही आहेत. पैसे एलसीने द्या, म्हणजे ठरलेले कागद आले तरच बँक विकणाऱ्याला पैसे देते, पण एलसी हा काही रामबाण उपाय नाही. बँक कागद तपासते, पोती नाही. म्हणून कागदांत आपण नेमलेल्या संस्थेचा दाखला सक्तीचा करा. एलसीचा खर्च ऐकून आपल्याकडचे लहान कारखानदार मागे सरतात. ते मला कळतं, आम्हीही सरलो होतो.

पैसे गेल्यावर काय होतं तेही सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. बँकेला लगेच स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आपसातल्या संदेश यंत्रणेने, रक्कम परत मागवायला सांगा. आम्ही सांगेपर्यंत दुबईचं खातं रिकामं होतं. आणि गंडा बसला म्हणून बँक सोडत नाही. आयातीसाठी डॉलर पाठवले की माल आल्याची बिल ऑफ एंट्री द्यावी लागते. माल आलाच नाही तर बिल ऑफ एंट्री कुठून आणायची? ती नोंद रिझर्व्ह बँकेच्या प्रणालीत उघडी राहते आणि बँक पत्रांवर पत्रं धाडते. आमचा गुन्हा आर्थिक गुन्हे शाखेत नोंदला गेला तो या पत्रांच्या रेट्यानेच म्हणा ना. एफआयआर, बनावट बिल ऑफ लेडिंग आणि ते बनावट असल्याचं जहाज कंपनीचं पत्र, असं सगळं बँकेला दिलंय. जहाज कंपनीचं पत्र लवकर मागून घ्या, त्यांच्या मुंबई ऑफिसातून मिळतं. आमची नोंद अजून बंद झालेली नाही, आणि तोवर पुढची आगाऊ रक्कम पाठवायला बँक हात आखडता घेते.