सत्राच्या मध्यावर पैसे संपले तर: गोव्यातल्या विद्यार्थ्याने आधी कुठे जावं?

गोव्यात पर्यटनावर चालणाऱ्या घरांची दरवर्षीची अडचण ठरलेली आहे. मेअखेर किनाऱ्यावरचे शॅक उतरतात, टॅक्सी दारात उभी राहते, हॉटेलातलं हंगामी काम संपतं आणि नेमकी जूनमध्ये कॉलेज प्रवेशाची रांग लागते. त्यातून जरा सावरावं तर चवथ (गणेशचतुर्थी) येते. पण याची घरांना सवय असते, थोडेफार पैसे बाजूला ठेवलेले असतात. खरी पंचाईत होते ती अचानक आलेल्या संकटात. वडिलांना गोमेकॉत (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात) दाखल करावं लागतं, जहाजावरचं कंत्राट पुन्हा मिळत नाही, घरातलं कमावतं माणूस जातं. मग परीक्षेचा फॉर्म भरायलाही पैसे नसतात.

अशा वेळी भेटेल तो सांगतो, ‘शिष्यवृत्ती बघ.’ सल्ला वाईट नाही, पण बहुतेक शिष्यवृत्त्या अडचणीच्या आठवड्यात कामाला येत नाहीत. म्हणून मदतीचे मार्ग शेजारी शेजारी ठेवताना मी रकमेकडे शेवटी पाहतो. पैसे कधी हातात पडणार, ते परत करायचे की नाही, आणि कोणते कागद लागणार, हे आधी. मार्चमध्ये येणारे ५०,००० रुपये ऑक्टोबरमधल्या परीक्षा फॉर्मच्या उपयोगाचे नाहीत. त्या दिवशी २,००० रुपये आणि महिन्याभराची मुदत जास्त मोलाची.

कॉलेज की सरकार?

आधी कॉलेज. पहिल्या वर्षी भरलेल्या फीची पावती काढून बघा. ग्रंथालय, जिमखाना, प्रयोगशाळा यांच्या ओळींत अनेक ठिकाणी विद्यार्थी साहाय्य निधीची एक छोटी ओळ असते. ते पैसे सगळ्या मुलांकडून घेतले जातात ते अडचणीतल्या मुलांसाठीच. तरीही कित्येकांना असा निधी आहे हेच माहीत नसतं, आणि माहीत असलं तरी मागायची लाज वाटते. ही लाज पहिल्यांदा सोडावी. निधी मोठा नसतो. त्यातून पूर्ण वर्षाची फी निघणार नाही, पण परीक्षा शुल्क, पुस्तकं, बसचा पास एवढं निघू शकतं.

कॉलेजकडे दुसरी एक गोष्ट असते जी सरकारकडे नसते: वेळ देण्याची मुभा. फीचे हप्ते पाडणं, विलंब शुल्क माफ करणं, फी बाकी असतानाही परीक्षेला बसू देणं. हे नुसतं तोंडी विचारू नये. प्राचार्यांच्या नावाने एक पानाचा अर्ज लिहावा. काय घडलं, केव्हा घडलं, आज किती भरू शकतो, उरलेले कधी भरणार, हे त्यात तारखांसह असावं. सोबत रुग्णालयाचं कार्ड, मृत्यू दाखला किंवा कामावरून कमी केल्याचं पत्र, जे असेल ते जोडावं. ‘कृपया सहानुभूतीने विचार व्हावा’ असल्या ओळींनी भरलेल्या अर्जापेक्षा ‘१५ डिसेंबरपर्यंत उरलेले ६,००० रुपये भरतो’ हे वाक्य लवकर काम करतं. वर्गशिक्षकांना आधी भेटून मग वर जावं. साखळी, केपे, खांडोळा, विर्नोडा इथल्या सरकारी कॉलेजांत काय किंवा अनुदानित कॉलेजांत काय, मुलाला नावानिशी ओळखणारा शिक्षक सोबत उभा राहिला तर अर्ज फाइलींत पडून राहत नाही.

सरकारी शिष्यवृत्तीचा वेग वेगळा. राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टल पावसाळ्याच्या सुमारास उघडतं आणि अलीकडच्या वर्षांत ऑक्टोबरअखेरच्या आसपास बंद होतं. एकवेळ नोंदणी, मग अर्ज, मग कॉलेजची पडताळणी, मग वरची पडताळणी, आणि पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात. यातल्या कुठल्याही पायरीवर नावाच्या स्पेलिंगने घोळ घातला की गाडी अडते. तरीही अर्ज करायचाच, कारण हे पैसे परत करायचे नसतात आणि पुढच्या वर्षी नूतनीकरण होतं. बारावीत आपल्या बोर्डात ८० व्या पर्सेंटाइलच्या वर (म्हणजे वरच्या २० टक्के मुलांत) असाल आणि घरचं उत्पन्न ४.५ लाखांच्या आत असेल, तर केंद्रीय क्षेत्र शिष्यवृत्ती पदवीला वर्षाला १२,००० आणि पदव्युत्तरला २०,००० देते. अनुसूचित जाती, जमाती आणि ओबीसींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला उत्पन्नाची मर्यादा २.५ लाख आहे. अनुसूचित जातींसाठीच्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत फ्रीशिप कार्डाची तरतूद आहे. त्यानुसार पात्र मुलाला आगाऊ फी न भरता प्रवेश मिळावा आणि शिष्यवृत्ती खात्यात आल्यावर त्याने ती कॉलेजला द्यावी, अशी अपेक्षा आहे. कॉलेजच्या खिडकीवर हे आपणहून कुणी सांगत नाही, विचारावं लागतं.

तंत्रशिक्षणातल्या मुलांना जास्त पर्याय आहेत. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या मुलींसाठी प्रगती, अपंग विद्यार्थ्यांसाठी सक्षम, आणि अनाथ किंवा कोविडमध्ये पालक गमावलेल्या मुलांसाठी स्वनाथ. तिन्हींत वर्षाला ५०,००० रुपये. बीए, बीकॉमच्या मुलांसाठी सरकारी योजनांत एवढ्या रकमेचं सहसा काही नाही, हे खटकतं, पण आहे हे असं आहे.

सीमेवरच्या मुलांसाठी एक गोष्ट. दोडामार्ग, बांदा, सावंतवाडीहून रोज गोव्यात शिकायला येणारी मुलं गोव्याच्या समाजकल्याण खात्याकडे हेलपाटे घालतात. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती विद्यार्थी जिथला रहिवासी असेल त्या राज्याने द्यायची असते, शिकतो त्या राज्याने नाही. त्यांचा रस्ता महाराष्ट्राकडे जातो. उलट गोव्याच्या स्वतःच्या बऱ्याच योजना १५ वर्षांच्या रहिवासी दाखल्यावर अडतात. कुटुंब दहा-बारा वर्षांपूर्वी इथे आलं असेल तर राज्याच्या योजनांच्या मागे धावण्यात सत्र घालवू नका. केंद्राच्या योजना आणि कॉलेज, एवढंच धरून चला.

दाखला गेल्या वर्षीचा, संकट या वर्षीचं

मामलेदार कार्यालयातून मिळणारा उत्पन्नाचा दाखला सरलेल्या वर्षाच्या कमाईवर असतो. वडील गेल्या वर्षी जहाजावर होते, तेव्हा कागदावर सहा लाख. या वर्षी ते घरी आहेत, कमाई शून्य. दाखला मात्र सहा लाखांचाच. शिष्यवृत्तीच्या संगणकाला घरातली चूल दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. सगळ्यात जास्त गरज असलेला मुलगा नेमका त्या वर्षी अपात्र ठरतो आणि पुढच्या वर्षी पात्र होतो.

याच फटीत बसणारा एक खासगी पर्याय आहे. एचडीएफसी बँकेच्या परिवर्तन उपक्रमातली शिष्यवृत्ती गेल्या तीन वर्षांत घरावर संकट कोसळलेल्या मुलांना प्राधान्याने विचारात घेते. साध्या पदवीला ३०,००० पासून व्यावसायिक पदव्युत्तर अभ्यासक्रमाला ७५,००० पर्यंत, आधीच्या परीक्षेत ५५ टक्के हवेत. अर्थात उत्पन्नाची २.५ लाखांची अट इथेही आहे आणि निवड होईलच असं नाही. पण संकटाचा पुरावा हा इथे अर्जाचाच भाग असतो, सरकारी फॉर्ममध्ये त्याला रकानाच नसतो. म्हणून घरात काही घडलं की कागद त्याच आठवड्यात गोळा करून ठेवावेत. सहा महिन्यांनी रुग्णालयातून सारांशपत्र काढणं किंवा बंद पडलेल्या कंपनीकडून पत्र मिळवणं जिकिरीचं होतं.

आई किंवा वडील बांधकामावर असतील तर आणखी एक दार आहे. १९९६ च्या कायद्याखाली नोंदणी झालेल्या बांधकाम कामगारांच्या मुलांना कल्याण मंडळाकडून शिक्षणासाठी मदत मिळू शकते. अट एकच, नोंदणी चालू हवी, आणि ती संकट आल्यावर करून चालत नाही.

आमदारांकडे जावं का? गोव्यात हा प्रश्न हमखास येतो. जावं, पण पैशांसाठी नाही. अडकलेल्या फाइलीची चौकशी करण्यासाठी जावं, अर्जाचा क्रमांक आणि तारीख हातात घेऊन.

महामंडळाचं कर्ज की बँकेचं?

पूर्ण वर्षाची, किंवा राहिलेल्या दोन वर्षांची फी हा प्रश्न असेल तर निधी आणि शिष्यवृत्ती दोन्ही अपुरे पडतात. मग कर्ज. इथे गोव्यातल्या मुलाला शेजारच्या राज्यांतल्या मुलांपेक्षा एक फायदा आहे. पर्वरीचं गोवा शिक्षण विकास महामंडळ उच्च शिक्षणासाठी बिनव्याजी कर्ज देतं. जेवढे घेतले तेवढेच फेडायचे. बँकेच्या कर्जात अभ्यासक्रमाची वर्षं आणि त्यानंतरचं एक वर्ष हप्ता नसतो, पण त्या काळातही व्याज साचत राहतं. निवड सोपी वाटते, आणि बहुतेकांसाठी सोपीच आहे: रहिवासी दाखला असेल तर आधी महामंडळ.

फक्त हे आठवड्यात होणारं काम नाही. करारपत्र, हमी, तपासणी यात दिवस जातात. शिवाय वर्ष सुरू होतानाच अर्ज केलेला बरा. मधल्या सत्रात गेलात तर कॉलेजकडून घेतलेली मुदत इथे वापरायची. दोन्ही अर्ज बरोबर चालले पाहिजेत, एकामागून एक नव्हे.

बँकेचं पारडं जड होतं ते दोन प्रसंगी. पहिला, रहिवासी दाखला नसताना. ४ लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेने तारण मागू नये, असं रिझर्व्ह बँकेचं धोरण आहे. शाखेत ‘काहीतरी गहाण ठेवा’ म्हटलं तर नकार लेखी मागा. कागद मागितला की सूर बदलतो. दुसरा प्रसंग, मोठ्या संस्थेत प्रवेश असताना. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेली पीएम विद्यालक्ष्मी योजना निवडक संस्थांतल्या मुलांना तारण आणि जामीनदार या दोन्हींशिवाय कर्ज देते. घरचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर १० लाखांपर्यंतच्या कर्जावर ३ टक्के व्याज सवलतही आहे, पण ती वर्षाला देशभरातल्या १ लाख विद्यार्थ्यांनाच. केंद्र सरकारच्या सगळ्या संस्था या योजनेत येतात, तेव्हा फर्मागुडीची आयआयटी किंवा कुंकळ्ळीची एनआयटी तिच्या कक्षेत. तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सी करणाऱ्या मुलीने मात्र पोर्टलवर संस्थेचं नाव शोधून, ते नसेल तर वेळ न दवडता परत फिरावं.

सोनं, पीएफ आणि मोबाइलवरचं कर्ज

आता आजच पैसे हवेत तेव्हाचे मार्ग. सोनं गहाण ठेवायला घरात विरोध होतो, विशेषतः आजीचा. पण थंड डोक्याने बघितलं तर बँकेतलं किंवा ओळखीच्या पतसंस्थेतलं सोनेतारण हे लहान मुदतीसाठी स्वस्त कर्ज आहे. २०,००० रुपये आठ महिन्यांसाठी, वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले तर व्याज १,६०० होतं. तेच महिन्याला ३ टक्क्यांनी घेतले तर ४,८००. ‘फक्त ३ टक्के’ ऐकू येतं तेव्हा ‘वर्षाला की महिन्याला?’ हे विचारल्याशिवाय अंगठा लावू नये.

वडील किंवा आई नोकरीत असतील तर भविष्य निर्वाह निधी विसरला जातो. मुलांच्या दहावीनंतरच्या शिक्षणासाठी त्यातून रक्कम काढता येते आणि ती परत करावी लागत नाही. जुन्या नियमात ७ वर्षांची सदस्यता लागायची आणि स्वतःच्या हिश्श्याच्या ५० टक्क्यांपर्यंत रक्कम मिळायची. ऑक्टोबर २०२५ मध्ये विश्वस्त मंडळाने सेवेची अट १२ महिन्यांवर आणण्याचा निर्णय घेतला. म्हातारपणाचे पैसे आहेत हे खरं, पण महागड्या कर्जापेक्षा हे बरं.

संकट आजारपणाचं असेल तर फीचे पैसे रुग्णालयात का जातायत, हेही बघा. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला २.५ लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला ४ लाखांपर्यंत उपचारांचं संरक्षण देतं. कार्ड कपाटात आणि फी बिलात, असं घडू देऊ नये. मुलींसाठीच्या लाडली लक्ष्मी या राज्याच्या योजनेचे १ लाख मात्र मंजुरीपत्रातल्या अटी वाचल्याशिवाय फीच्या हिशेबात धरू नका.

मोबाइलवरच्या कर्ज अ‍ॅपांचं आकर्षण समजतं. दहा मिनिटांत पैसे, ना प्राचार्य, ना मामलेदार. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार रक्कम थेट बँकेकडून किंवा नोंदणीकृत वित्त कंपनीकडून तुमच्या खात्यात आली पाहिजे, वार्षिक दर आधी लेखी दाखवला पाहिजे आणि अ‍ॅपने फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावता कामा नये. यातली एखादी गोष्टही पाळली जात नसेल तर ते अ‍ॅप काढून टाका. घेऊन बसला असाल आणि धमक्यांचे फोन सुरू झाले असतील तर घरी सांगा, सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर तक्रार करा, रिझर्व्ह बँकेच्या सचेत पोर्टलवर नोंद करा. आणखी एक अ‍ॅप घेऊन पहिलं फेडू नका.

एवढं करूनही वर्ष सोडायची वेळ आली, तर नाव काढताना फी परतीचा अर्ज त्याच दिवशी द्या आणि मूळ प्रमाणपत्रं परत मागा. फी बाकी आहे म्हणून ती अडकवून ठेवण्याला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच मनाई केली आहे. गुणपत्रिका हातात असेल तर पुढच्या जूनमध्ये दुसऱ्या कॉलेजात, किंवा काम करता करता दूरशिक्षणात, प्रवेश घेता येतो.