लाकडी जमिनीसाठी घासायची जाळी : आठ महिने वापरल्यानंतर

लाकडी जमिनी घासून पॉलिश करणं हे माझं रोजचं काम. आठ महिन्यांपूर्वी घासायचा कागद (पॉलिश पेपर) बाजूला ठेवून मशीनला लावायच्या गोल जाळ्या घेतल्या. 16 इंची, 80, 120 आणि 180 नंबरच्या (नंबर जितका कमी, तितके कण जाड). विणलेल्या जाळीवर सिलिकॉन कार्बाइडचे काळे कण बसवलेले असतात आणि ती दोन्ही बाजूंनी चालते. चिकटवायची भानगड नाही. मशीनच्या पॅडखाली मधोमध सरकवली की पॅडच्या पकडीनेच फिरते.

कागदाला कंटाळलो होतो तो सागवानामुळे. साग तेलकट, त्यात जुनं पॉलिश. कागद बघता बघता भरतो, चकचकीत होतो, मग घासायचं सोडून जमीन नुसती तापवतो. जाळीच्या भोकांतून भुसा निघून जातो. भरलीच तर उचलून आपटायची, पुन्हा चालू. माझ्याकडे एक बाजू दोनशे-सव्वादोनशे चौरस फूट नीट चालते. त्यापुढे ओढत बसू नये, कण बोथट झालेले असतात.

पण पहिल्याच मोठ्या कामात मी चुकलो. वाईतल्या एका वाड्याची माडी होती. फळ्यांच्या कडा ओलीनं उचललेल्या, मध्ये खळगे. वाटलं, 80 नंबरने सपाट होईल. दिवसभर मशीन फिरवलं. संध्याकाळी बघतो तर कडा उजळलेल्या आणि खळग्यांत जुनं काळं पॉलिश जसंच्या तसं. जाळी लवचीक, खाली मऊ पॅड, त्यामुळे जमीन जशी आहे तशीच ती तिच्यावरून जाते. शेवटी ड्रमचं मशीन (कडक रुळावर कागद लावून घासणारं) आणून फळ्या सपाट कराव्या लागल्या. एक अख्खा दिवस आणि चार जाळ्या वाया गेल्या. रंध्याचं काम जाळीकडून होत नाही, हे त्या दिवशी कळलं.

तिथेच खिळ्यानंही धडा दिला. फळीतून जेमतेम नखाएवढं वर आलेलं खिळ्याचं डोकं. मशीनचा घुमणारा आवाज एकदम फाटल्यासारखा झाला. बंद करून उचलतो तर जाळीला केंद्रापासून कडेपर्यंत चीर आणि सुटलेले धागे पॅडला गुंडाळलेले. आता काम सुरू करण्याआधी गुडघ्यावर बसून सगळ्या जमिनीवरून हात फिरवतो आणि प्रत्येक खिळा ठोकून आत घालतो.

जाळीचं खरं काम पॉलिशच्या दोन हातांच्या, म्हणजे दोन थरांच्या मधलं. पीयूचा (पॉलीयुरेथेन पॉलिशचा) पहिला हात नीट वाळला की 180 नंबर हलक्यानं फिरवायचा. वरचे बारीक दाणे, उभे राहिलेले तंतू निघतात आणि पुढच्या हाताला धरायला खडबडीतपणा मिळतो. वाळलंय की नाही हे जाळीच सांगते. टाल्कमसारखी कोरडी पांढरी पूड निघाली तर पुढे जायचं. गोळ्या धरायला लागल्या तर थांबायचं, मालक कितीही घाई करो. एका कथकच्या क्लासची जमीन अशी केली. तिथं अनवाणी पाय तासन्‌तास आपटतात, लाकडाचं एक कुसळ राहिलं तरी पायात जातं. शेवटचा हात वाळल्यावर बाईंनी तळवा टेकवून कोपऱ्यापासून दारापर्यंत नेला, कुठेच अडला नाही.

नवी कोरी जाळी मात्र थेट शेवटच्या घासाईला लावू नका. तिचे टोकदार कण गोल ओरखडे पाडतात. वरून पडणाऱ्या उजेडात ते दिसत नाहीत, तिरप्या उन्हात मात्र सगळे उठून दिसतात. मी दोन नव्या जाळ्या तोंडाला तोंड लावून आधी एकमेकींवर घासून घेतो आणि टॉर्च जमिनीला लावून तपासतो. मशीन चालू ठेवून एका जागी थांबूही नये, तिथं वर्तुळ पडतं. कोपरे तर हातानेच करावे लागतात. त्यासाठी झिजलेली जाळी कात्रीनं कापून ठोकळ्याला गुंडाळतो, तिच्यात तेवढा जीव उरलेला असतो.

धुळीबद्दल कळकळीनं सांगतो. लाकडाची धूळ कर्करोगकारक मानली जाते, त्यामुळे चांगला मास्क लावल्याशिवाय माझ्या हाताखालच्या पोरांना मी मशीनला हात लावू देत नाही. आणि पॉलिशची पूड पिशवीत भरून घरात ठेवून जाऊ नका. दाबून भरलेला ढीग आपोआप तापून पेटू शकतो. आम्ही ती रोज संध्याकाळी बाहेर नेऊन झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ओततो.

पुढच्या खेपेला 120 आणि 180 च मागवणार आहे. 80 च्या उरलेल्या दोन जाळ्या पातळ जुनं पॉलिश काढायला पुरतील.