नवशिक्यांसाठीचा नमाज-संच: जानमाज चांगली, तक्ता अर्धवट

मुंब्रा स्टेशनबाहेरच्या बाजारात आणि ठाण्यात राबोडीकडे काही दुकानांत एक पारदर्शक पिशवी टांगलेली असते. आत जानमाज (नमाजची चटई), टोपी, तस्बीह (जपमाळ), बटणाचं मोजणी-यंत्र, किब्ल्यासाठी (नमाजला तोंड करायची काबाची दिशा) होकायंत्र, मिसवाक (दात घासायची काडी), वजूचा (नमाजआधी हात-तोंड-पाय धुण्याचा) लॅमिनेट केलेला तक्ता आणि देवनागरीत छापलेली पातळशी पुस्तिका. बायकांच्या संचात टोपीऐवजी नमाजची ओढणी. किंमत सहाशे ते सातशे, घासाघीस केली की थोडी उतरते. बनवणाऱ्याचं नाव पिशवीवर नाही, पुस्तिकेवरही नाही. नव्यानं इस्लाम समजून घेणाऱ्याला, किंवा मोठेपणी नमाज शिकायला बसलेल्याला, हा संच कितपत उपयोगी पडतो?

पुस्तिकेची सुरुवात चांगली आहे. आधी कलमा, म्हणजे श्रद्धेची कबुली: ला इलाहा इल्लल्लाह, मुहम्मदुर्रसूलुल्लाह. मग ईमानच्या (श्रद्धेच्या) सहा गोष्टी: अल्लाह, फरिश्ते, आसमानी किताबं, पैगंबर, कयामतचा दिवस आणि तकदीर. त्यानंतर पाच अरकान (आधारस्तंभ): शहादत (कलम्याची साक्ष), नमाज, रोजा, जकात (सक्तीचं दान), हज. हज दोन ओळींत उरकलाय, ते ठीकच. ऐपत आणि तब्येत असेल त्याच्यावर आयुष्यात एकदाच फर्ज (सक्तीचं), पहिल्या महिन्यात त्याचा तपशील कोणाला लागतो?

जकातीचं पान मात्र फसलंय. निसाब (जकात लागू होण्याची किमान मर्यादा) म्हणून तिथे थेट रुपयांतला आकडा छापलाय, आणि चांदीचा भाव बदलला की तो खोटा पडतो. वजन लक्षात ठेवायचं: ६१२.३६ ग्रॅम चांदी किंवा ८७.४८ ग्रॅम सोनं. जुन्या हिशेबात साडेबावन्न तोळे आणि साडेसात तोळे. एवढ्या किमतीची शिल्लक कर्ज वजा जाता हाताशी असेल आणि तिला चांद्र वर्ष पुरं झालं असेल, तर तिच्यावर अडीच टक्के. चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, त्यामुळे ३१ मार्चचा ताळेबंद इथे उपयोगाचा नाही.

रकात म्हणजे नमाजची एक फेरी. दिवसभराच्या रकातींच्या कोष्टकात तळाशी बेरीज दिलीय: ४८. फजर (पहाटे) ४, जोहर (दुपारी) १२, असर (दुपार कलल्यावर) ८, मगरिब (सूर्यास्तानंतर) ७, इशा (रात्री) १७. भारतातल्या हनफी (सुन्नींमधली एक पद्धत) घरांत हेच शिकवतात, त्यामुळे चूक काहीच नाही. पण नवा माणूस ४८ बघून खालीच बसतो. यातल्या फर्ज फक्त १७ आहेत: २, ४, ४, ३, ४. आधी या १७ वेळेवर पक्क्या करायच्या, मग इशाच्या वित्र (शेवटच्या विषम रकाती) आणि फर्जच्या मागच्या-पुढच्या सुन्नत (पैगंबरांच्या रिवाजातल्या), नफल (ऐच्छिक) सगळ्यांत शेवटी. कोष्टकात फर्जचा रकाना ठळक छापला असता तरी काम झालं असतं. जुम्याला (शुक्रवारी) मशिदीत जोहरच्या ४ फर्जऐवजी सगळ्यांबरोबर २ फर्ज होतात, हेही कोष्टकात नाही.

आता खरी तक्रार. पुस्तिका आणि तक्ता दोन्ही हनफी पद्धतीचे आहेत आणि तसं कुठेही लिहिलेलं नाही. लखनौला हे खपून गेलं असतं. ठाणे-रायगड पट्ट्यात नाही खपत, कारण इथले मूळचे कोकणी मुसलमान शाफई, म्हणजे दुसऱ्या सुन्नी पद्धतीचे आहेत. कौसा, कल्याण, भिवंडी, पनवेल, तळोजा इथल्या कोकणी जमातींच्या मशिदींत शाफई पद्धत चालते, तर उत्तरेकडून आलेली बहुतेक कुटुंबं हनफी. दोन्ही बरोबर, दोन्ही सुन्नी, एकमेकांच्या मागे नमाजही पढतात. फरक माहीत नसलेल्या माणसाची मात्र सफेत (नमाजच्या रांगेत) उभं राहिल्यावर धांदल उडते. पुस्तिका वाचून शाफई मशिदीत फजरला गेलात, तर दुसऱ्या रकातीच्या रुकूनंतर (कमरेतून वाकून उठल्यावर) तुम्ही सरळ सजद्यात (कपाळ जमिनीला टेकायला) जाल आणि अख्खी सफ हात उचलून उभीच असेल. तिथे फजरला कुनूत (उभ्यानं मागायची दुआ) असते, हनफींकडे ती वित्रमध्ये. वित्रही वेगळी: हनफी तीन रकाती एका सलामात (सलाम म्हणजे मान फिरवून नमाज संपवणं), शाफई बहुधा दोनवर सलाम फिरवून मग एक. रुकूत जाताना आणि उठताना शाफई हात उचलतात, मोठ्यानं पढल्या जाणाऱ्या नमाजांत आमीनही मोठ्यानं म्हणतात. इमामामागे हनफी मुक्तदी (मागे नमाज पढणारा) गप्प राहतो, शाफई स्वतः फातिहा (कुराणातला पहिला अध्याय) म्हणतो.

सगळ्यात जास्त गोंधळ असरच्या वेळेचा. शाफई हिशेबात वस्तूची सावली, दुपारची मूळ सावली सोडून, वस्तूएवढी झाली की असर सुरू. हनफी हिशेबात दुप्पट झाली की. ठाण्यात हा फरक डिसेंबरात पाऊण तासाच्या आसपास, मे महिन्यात सव्वा तासाहून थोडा जास्त. मोबाईलमधल्या नमाजच्या ॲपमध्ये सेटिंगला हा पर्याय असतो. तो तपासला नाही तर शेजारच्या मशिदीची अजान आणि फोनची अजान जुळत नाही, आणि माणूस ॲपला शिव्या देतो. तेव्हा संच घेण्याआधी जवळच्या मशिदीत इमामसाहेबांना एकच प्रश्न विचारा: इथे हनफी की शाफई? मग त्या पद्धतीचंच पुस्तक घ्या.

देवनागरीतल्या अरबीबद्दल थोडं. फातिहा छापलीय, अर्थ सोप्या मराठीत आहे, तो भाग छान. पण ‘अल्हम्दु’मधला ह घशाच्या मधून, घासून येतो आणि ‘इहदिना’मधला आपला नेहमीचा हलका ह. पुस्तिकेत दोन्ही ह सारखेच. ‘आलमीन’चा आ घशातून येतो, तो साधा आ छापलाय. ‘वलद्दाल्लीन’चा द तर देवनागरीत बसतच नाही. छपाईला दोष देऊन उपयोग नाही, लिपीचीच मर्यादा आहे. फजर, मगरिब आणि इशाला इमाम पहिल्या दोन रकाती मोठ्यानं पढतात. पुस्तिका पाठ करण्याआधी आठवडाभर तिथे कान देऊन ऐका. एकदा चुकीचं पाठ झालं की सुधारायला दुप्पट वेळ जातो.

वजूचा तक्ता रंगीत आहे, बेसिनजवळ लावता येतो, चित्रांचा क्रमही बरोबर: मनगटापर्यंत हात, चूळ, नाक, चेहरा, कोपरासकट हात, डोक्याचा मसह (ओला हात फिरवणं), कान, घोट्यासकट पाय. आधी उजवा, मग डावा. पण प्रत्येक चित्राखाली ‘३ वेळा’ लिहून ठेवलंय, मसहखालीसुद्धा. हनफी पद्धतीत मसह एकदाच. धुण्याचे अवयवही एकदा पूर्ण भिजले की फर्ज होतं, तीन वेळा ही सुन्नत. पाणीकपातीच्या दिवशी हे माहीत असलेलं बरं. पैगंबर एका मुद्द (जुनं माप) पाण्यात वजू करत असं हदीसमध्ये आहे, म्हणजे लिटरभरही नाही. नळ सोडून उभं राहण्यापेक्षा तांब्या घ्या. कोरडं राहतं ते बहुधा तीन ठिकाणी: टाच, कोपराची मागची बाजू आणि घट्ट अंगठीखाली. नेलपॉलिश, ऑइलपेंट, नखात वाळलेली कणीक यांच्याखाली पाणी पोचत नाही, म्हणून वजू होत नाही. मेंदीचा नुसता रंग चालतो.

जानमाज ही या पिशवीतली सगळ्यात चांगली वस्तू. साधारण ११० बाय ७० सेंटिमीटर, मखमली, पाठीमागे घसरू नये म्हणून ठिपके. उंच माणसाला सजद्यात पाय बाहेर जातात, त्यानं १२० ची मागावी. काही दुकानदार वरचे दोनशे घेऊन जाड फोमची देतात. गुडघे दुखणाऱ्याला ती आवडते, पण सजद्यात कपाळ कुठेतरी टेकून थांबलं पाहिजे. नुसतं खाली-खाली दबत राहिलं तर सजदा नीट होत नाही. दुकानातच तळहातानं जोरात दाबून बघा, खालची फरशी जाणवली पाहिजे. सजद्यात सात गोष्टी जमिनीला लागतात: नाकासह कपाळ, दोन तळहात, दोन गुडघे, दोन्ही पायांची बोटं. नवशिका पायाची बोटं हमखास उचलतो.

होकायंत्र खेळण्यातलं वाटतं, तरी काम करतं. ठाणे-नवी मुंबईतून किब्ला उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेनं सुमारे २८० अंशांवर, म्हणजे सरळ पश्चिमेला तोंड करून जेमतेम १० अंश उजवीकडे. चुंबकीय उत्तरेचा फरक इथे नगण्य. सुई भरकटते ती लोखंडी पलंग, स्टीलचं कपाट, स्पीकर किंवा लिफ्टच्या भिंतीजवळ, तेव्हा दोन-तीन जागी ठेवून बघा. पक्कं करायचं तर २८ मे रोजी दुपारी २ वाजून ४८ मिनिटांनी गॅलरीत उभे राहा. त्या वेळी सूर्य काबाच्या बरोबर डोक्यावर असतो, सूर्याकडे तोंड म्हणजे किब्ल्याकडे तोंड. १६ जुलैला २ वाजून ५७ मिनिटांनीही असंच होतं, पण आपल्याकडे जुलैत सूर्य दिसायला हवा ना!

बाकी सामान किरकोळ. तस्बीह ९९ मण्यांची, ३३-३३ नंतर वेगळा मणी असलेली, व्यवस्थित. नमाजनंतर सुब्हानल्लाह ३३, अल्हम्दुलिल्लाह ३३, अल्लाहु अकबर ३४. मोजणी-यंत्राचं शून्य करायचं बटण मोजायच्या बटणाला इतकं चिकटून आहे की अंगठा सरकला की सगळं पुसलं. ते वगळलं तरी चालेल, बोटांची पेरं पुरतात. ओढणी पातळ आहे. उजेडात धरल्यावर केस दिसत असतील तर सतर (अंग झाकणं) होत नाही, जाड सुती वेगळी घ्या. मिसवाक पीलूच्या झाडाची आहे, पण प्लास्टिकमध्ये बंद असल्यानं पावसाळ्यात बुरशी धरते. पाकिटावर काळे ठिपके दिसले तर बदलून मागा. घरी टोकाची साल अर्धा इंच सोलून पाण्यात भिजवा, चावून कुंचला करा आणि झिजलं की कापून टाका.

पूर्ण संच घेण्यापेक्षा त्याच दुकानात जानमाज, तस्बीह आणि होकायंत्र सुटं मागा, बहुतेक दुकानदार देतात आणि चारशेच्या आत बसतं. पुस्तक मशिदीत विचारून घ्या. जुम्याला एक ते दोनच्या दरम्यान जाऊ नका, दुकानं बंद असतात.