उजळाईवाडीच्या रनवेवर विमान एका बाजूला ओढतंय: सीएफजी फाइल बदलायची का रडर पेडल घ्यायचे?

भावा, परवा तू विचारलंस की मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये नवीन टाकलेलं ॲड-ऑन (बाहेरून आणून बसवलेलं) विमान टॅक्सीला (जमिनीवर चालवताना) नीट वळत नाही, टेकऑफला डावीकडं ओढत गवतात जातंय, तर रडरचे (शेपटीवरच्या उभ्या पात्याचे) पेडल घेऊ का विमानाच्या सीएफजी (सेटिंगच्या) फाइलमध्ये हात घालू. मी दोन्ही केलंय, आणि दोन्हीचा उपयोग वेगवेगळ्या दुखण्यावर होतो, त्यामुळं आधी दुखणं कुठलं ते बघूया, नाहीतर पैसे जातील आणि विमान गवतातच जाईल.

आपलं व्हीएकेपी (कोल्हापूर विमानतळ) घे, रनवे 07, हवामान क्लिअर, वारा शून्य. आधी डीफॉल्ट सेसना 172 घेऊन सावकाश टॅक्सी कर, मग तेच तुझ्या ॲड-ऑनमध्ये कर. सेसना पण ओढत असेल तर विमानाचा काही संबंध नाही, दोष तुझ्या जॉयस्टिकचा किंवा सेटिंगचा. सेन्सिटिव्हिटीच्या पानावर रडरचा अ‍ॅक्सिस बघ, हात न लावता तो हलत असेल तर आतलं पोटेन्शिओमीटर (हालचाल मोजणारा भाग) घाण झालंय, थोडा डेड झोन (हलकी हालचाल न मोजणारा मधला पट्टा) वाढवलास की तात्पुरतं भागतं. आणि एक गोष्ट लई जण बघतच नाहीत, रडर दोन ठिकाणी बाइंड झालेला (नेमून दिलेला) असतो, एकदा जॉयस्टिकला आणि एकदा कपाटात ठेवलेल्या पण यूएसबीला अजून जोडलेल्या गेमपॅडला, मग दोघांची ओढाताण चालू. ऑटो-रडरचा असिस्ट (रडर आपोआप मारणारी सोय) चालू आहे का तेही बघून घे.

आता, प्रत्येक ओढणं हा बिघाड नसतो हे पण लक्षात घे. बहुतेक सिंगल इंजिन प्रॉपेलरची विमानं फुल थ्रॉटलला डावीकडं जाणारच, खऱ्या विमानात पण पायलट उजवा पाय दाबून धरतो. सिरस एसआर22 आणि डायमंड डीए40 चं पुढचं चाक मोकळं फिरणारं असतं, पेडलनं थेट वळतच नाही, कमी वेगात डावा-उजवा ब्रेक वेगवेगळा दाबून वळवायचं. टेलड्रॅगर (शेपटीखाली छोटं चाक असलेलं विमान) असेल तर मुख्य चाकं सीजीच्या (वजनाच्या मध्यबिंदूच्या) पुढं असतात, म्हणून शेपूट पुढं यायला बघते, तो त्या जातीचा स्वभावच आहे. असल्या विमानाची फाइल बदलून ते "सरळ" केलंस तर चांगलं विमान बिघडवून ठेवशील.

पण सेसना सरळ जाते आणि ॲड-ऑन इंजिन बंद असताना उभ्या जागी थरथरतंय, उड्या मारतंय, किंवा 10 नॉटला वळताना पंख टेकतोय, तर मात्र फाइलच बघायची. जुन्या एफएसएक्समधून (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) उचलून आणलेल्या विमानांत हे हमखास दिसतं. कम्युनिटी फोल्डरमध्ये त्या विमानाची फ्लाइट मॉडेल डॉट सीएफजी उघड, त्यात कॉन्टॅक्ट पॉइंट्सचा भाग आहे, एकेका चाकाची एकेक ओळ. ओळीतला आठवा आकडा चाक किती अंश वळतं तो, नववा उभं असताना स्प्रिंग किती दबते तो (फुटात), अकरावा डॅम्पिंग (स्प्रिंगच्या उड्या किती जिरवायच्या तो). थरथर असेल तर डॅम्पिंग थोडं वाढव, आणि स्टॅटिक सीजी हाइट (उभं असताना सीजीची जमिनीपासून उंची) त्या दबण्याशी जुळते का बघ, जुळत नसेल तर लोड झाल्या झाल्या विमान वरून पडल्यासारखं आपटतं. वेगात स्टिअरिंग फार चटकन वळत असेल तर मॅक्स स्पीड फुल स्टिअरिंग ही ओळ बघ, कुठल्या वेगापर्यंत चाक पूर्ण वळू द्यायचं ते तिथं ठरतं. एका वेळी एकच आकडा बदलायचा, आणि मूळ फाइलची कॉपी बाजूला ठेवल्याशिवाय हात लावायचा नाही.

हा मार्ग फुकट आहे, पण दुरुस्ती त्या एकाच विमानापुरती, अपडेट आलं की तुझे बदल पुसले जातात, आणि बदललेल्या फाइलवर बनवणाऱ्याकडं तक्रार करायला तोंड राहत नाही. मार्केटप्लेसमधलं एन्क्रिप्टेड (कुलूपबंद) विमान असेल तर फाइल उघडणारच नाही, विषय संपला. एक्स-प्लेन या दुसऱ्या सिम्युलेटरवाल्यांना हेच काम प्लेन मेकरमध्ये करता येतं.

पेडलचं उलटं आहे, खर्च आहे पण फायदा सगळ्या विमानांना. मुळात मनगट पिळून रडर मारणं आणि पायानं मारणं यात लई फरक आहे, स्टिक पिळताना नकळत ती बाजूलाही कलते, त्यामुळं क्रॉसविंडला (बाजूच्या वाऱ्यात) आयलेरॉन (पंखावरची पाती) पण हलतात. घेणार असशील तर टो ब्रेकवालेच (पंजानं डावा-उजवा ब्रेक दाबता येणारे) घे, नाहीतर वर सांगितलेली सिरस, डायमंड तुला नीट चालवताच येणार नाहीत. हॉल सेन्सरवाले (चुंबकानं हालचाल मोजणारे) मिळाले तर उत्तम, त्यात घासणारं काही नसतं म्हणून आपल्याकडच्या धुळीत आणि पावसाळ्यातल्या ओलीत टिकतात. माझ्या ओळखीच्या एकानं कोल्हापूरच्या उद्यमनगरातून (कारखान्यांच्या भागातून) लोखंडी फ्रेम वळवून घेतली, हॉल सेन्सर आणि अर्डुइनो लिओनार्डो (छोटा सर्किट बोर्ड) लावून घरीच पेडल बनवले, कॉम्प्युटरला ते सरळ जॉयस्टिक म्हणून दिसतात, दोन वर्षं झाली, झकास चाललेत. वेळ आणि सोल्डरिंगचा हात असेल तर हा विचार जरूर कर.

पण थरथरणाऱ्या विमानाला पेडलनं काही फरक पडत नाही. मी आधी पेडल घेतले, विमान होतं तसंच नाचत राहिलं, नंतर कळलं की एका चाकाच्या ओळीत डॅम्पिंग जवळपास शून्य होतं. माझं मत विचारशील तर सेसना सरळ जात असेल आणि तू आठवड्यातून एखाद्या संध्याकाळीच उडवत असशील तर फाइल दुरुस्त कर, पैसे ठेव. रोज बसतोस, टेलड्रॅगर आवडतात, वेगवेगळी विमानं उडवतोस, तर पेडल घे, आज ना उद्या घ्यावेच लागतील. आणि सेसनाच ओढत असेल तर दोन्ही थांबव, आधी तो गेमपॅड काढ. आज रात्री 07 वर दोन्ही विमानं फिरव आणि काय झालं ते सांग, फाइलमधल्या चाकांच्या ओळी पण पाठव, बघून सांगतो.