मायक्रोबायोम टेस्ट किट: रिपोर्टला माझं क्रोन्स दिसलंच नाही
मला क्रोन्स (आतड्याला सतत सूज येणारा आजार) होऊन सहा वर्षं झाली आणि हे मलाच का झालं हा किडा काही डोक्यातून जात नाही, म्हणून शेवटी ते घरी शौचाचं सॅम्पल घ्यायचं मायक्रोबायोम (आतड्यातले बॅक्टेरिया वगैरे) टेस्ट किट मागवलं. कंपनीचं नाव नाही लिहीत. किट मस्त आहे, खोटं कशाला बोलू. नळीच्या झाकणालाच आतून छोटा चमचा, चित्रांसकट सूचना. फक्त बारकोडचा स्टिकर ओल्या हाताने लावू नका, माझा निघाला आणि पुढची कसरत सांगण्यासारखी नाही.

रिपोर्टच्या पहिल्याच पानावर हिरवं वर्तुळ, 100 पैकी 84, 'तुमचं आतडं उत्तम'. अरे? सॅम्पल दिलं त्याच आठवड्यात डॉक्टरांनी कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज बघायची शौचाची टेस्ट) करायला लावलेलं, ते 600 च्या वर! हे प्रोटीन न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या रक्तपेशींतून येतं, म्हणजे आत सूज जोरात चाललेली आणि इकडे मला शाबासकी.

आत लिहिलंय की फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी नावाचा बॅक्टेरिया कमी आहे 'म्हणून' क्रोन्स झालं. (तरी 84, हे गणित मला कळलं नाही.) क्रोन्सवाल्यांमध्ये हा बॅक्टेरिया बऱ्याचदा कमी असतो हे खरंय, तो ब्युटिरेट नावाचं फॅटी ॲसिड बनवतो आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी त्यावर जगतात. पण त्याला ऑक्सिजन सोसत नाही आणि सुजलेल्या आतड्यात ऑक्सिजन वाढतो असं म्हणतात, मग तो कमी झाला म्हणून सूज आली का सूज आली म्हणून तो गेला, हे एका चमचाभर सॅम्पलवरून कसं कळणार? त्यात माझा अँटिबायोटिकचा कोर्स नुकताच संपलेला, तो फॉर्ममध्ये विचारलाच नाही.

थुंकीवरून जीन्सही बघतात वेगळे पैसे घेऊन, ते तर घेऊच नका. नुसता नॉड2 बघतात, क्रोन्सशी जोडलेला जीन, जो 2001 मध्येच सापडलाय. त्यानंतर क्रोन्ससारख्या आतड्याच्या आजारांशी जोडलेल्या डीएनएत 200 हून जास्त जागा मिळाल्या, 2024 मध्ये तर 21 व्या क्रोमोसोमच्या ज्या पट्ट्यात जीनच नाही असं वाटायचं तिथून मॅक्रोफेजमधल्या (एक प्रकारच्या रोगप्रतिकारक पेशी) ईटीएस2 जीनचं काम वाढवलं जातं आणि सूज भडकते हे दाखवलं. त्यातलं काहीच नाही. माझा नॉड2 नॉर्मल, म्हणून शेरा काय तर 'क्रोन्स होण्याचा धोका कमी'. झालंय हो मला!

कस्टमर केअरला विचारलं तर म्हणे स्कोअर वेलनेससाठी आहे, निदानासाठी नाही, शेवटच्या पानावर लिहिलंय बघा. लिहिलंय खरं, मुंगीएवढ्या अक्षरात.

दोन स्टार, दोन्ही त्या चमच्याला.