‘तलवारीचा आकार’ की ‘गद्दार आणि नायक’: अभिवाचनाला कुठली घ्यायची?

आमच्या वाचन कट्ट्यावरच्या एका पोरीला थंडीतल्या एका ग्रामीण साहित्य संमेलनात अभिवाचनाला वीस मिनिटं मिळालीत. विषय तिनंच ठरवला, विश्वासघात, आणि होर्हे लुईस बोर्हेसच्या दोन कथांवर येऊन अडकलीय. तिला फोनवर सांगितलं ते इथं नीट लिहितोय कारण बेळगावजवळच्या कडोली, उचगाव, येळ्ळूर कुठल्याही संमेलनात वाचायचं असलं तरी प्रश्न हाच येणार. आणि शेवट सांगितल्याशिवाय तुलना होत नाही, तेव्हा ज्यांना आधी कथा वाचायच्यात त्यांनी इथंच थांबा.

‘तलवारीचा आकार’ 1942 ची, ‘गद्दार आणि नायक’ 1944 ची. लेखक अर्जेंटिनाचा, पण दोन्ही कथांत गद्दारी घडते आयर्लंडमध्ये, इंग्रजांविरुद्धच्या लढ्यात.

पहिलीत उरुग्वेमधल्या एका शेतमालकाच्या तोंडावर, कपाळाच्या बाजूपासून गालापर्यंत, कोयत्यासारखी वाकडी जखमेची खूण असते. नदीला पूर आल्यामुळं एक पाहुणा त्याच्याकडं मुक्कामाला अडकतो, रात्री दारू होते आणि पाहुणा त्या खुणेचं विचारतो. मालक म्हणतो सांगतो, पण त्यातलं काहीही लाजिरवाणं तुम्ही सौम्य करायचं नाही. मग मालकाच्याच तोंडून 1922 च्या आसपासची हकीकत येते, मून नावाचा विशीतला भित्रा पोरगा, मी त्याला गोळीबारातनं वाचवलं, एका मोठ्या वाड्यात नऊ दिवस लपवलं आणि त्यानंच फोन करून मला पकडून द्यायचा बेत केला, तेव्हा भिंतीवरची वाकडी तलवार ओढून मी त्याच्या तोंडावर वार केला. आणि शेवटी कळतं की सांगणाराच मून आहे! ज्यानं वाचवलं त्याचा ‘मी’ यानं अंगावर घेतला होता. ऐकणाऱ्या पाहुण्याचं नाव बोर्हेस, म्हणजे खरं कुठं संपलं आणि रचलेलं कुठं सुरू झालं याचा पत्ता लागत नाही.

दुसरी डोक्यानं जास्त मोठी आहे हे मी मनापासून मान्य करतो. सुरुवातीलाच लेखक सांगतो की ही गोष्ट मी रचतोय, कुठल्याही दबलेल्या देशात घडू शकते, सोयीसाठी आयर्लंड, 1824 धरू. किलपॅट्रिक नावाच्या पुढाऱ्याचा नाट्यगृहात खून होतो आणि तो हुतात्मा ठरतो. त्याचा पणतू रायन चरित्र लिहायला बसतो तर त्याला दिसतं की खुनाचे तपशील शेक्सपिअरच्या नाटकांतनं उचललेत. खरा फितूर किलपॅट्रिकच होता, पण हे लोकांना कळलं असतं तर उठाव मोडला असता, म्हणून नोलन या साथीदारानं त्याचा मृत्यू नाटकासारखा बसवला आणि अख्खं शहर त्याचा रंगमंच झालं. रायन हे सगळं गिळतो आणि पुढाऱ्याच्या गौरवाचं पुस्तक छापतो. आपल्या सीमाभागात हुतात्मा आणि गद्दार हे दोन शब्द किती जपून वापरले जातात ते ठाऊकच आहे, त्यामुळं कागदावर ही कथा मला आतपर्यंत लागते. पण ऐकताना नावं सुटतात, नाटकातले संदर्भ सुटतात, आणि वाचणारा मागचं पान उलटून बघू शकतो तसं मंडपातल्या माणसाला करता येत नाही. वेळ मात्र कमी लागतो, मी केलेल्या मराठीत दहा-बारा मिनिटं. पहिली वीसला टेकते.

तरी मी पहिलीच घ्या म्हणतो, आणि त्याचं कारण आमच्या गल्लीत आहे. एक आजोबा होते, सीमालढ्यात हिंडलग्याच्या जेलात जाऊन आलेले, संध्याकाळी मारुतीच्या कट्ट्यावर एका साथीदाराची गोष्ट सांगायचे, माफी लिहून देऊन सुटून आला तो. नाव कधी घेतलं नाही, फक्त ‘त्यो’. तिथं आलं की त्यांचं तंबाखू चोळणं थांबायचं, चुना अंगठ्यावर वाळायचा. त्याच्या आईनं त्या रात्री दार उघडलं नाही, एवढंच दरवेळी सांगायचे. मी अकरावीत असताना एकदा पुढं म्हणाले, आतनं कडी घातल्याचा आवाज आला की रं. तो आवाज दाराबाहेर उभारलेल्यालाच ऐकू येणार. कट्ट्यावर कुणी काही बोललं नाही, मीही विचारलं नाही, आणि आता ते नाहीत. खरं काय ते मला माहीत नाही. पण असं ‘त्यो’ म्हणून सांगणं आपल्याकडच्या प्रत्येक मंडपात कुणीतरी ऐकलेलं असतं, त्यांना आयर्लंड समजावून सांगावं लागणार नाही.

वर्गात चर्चेला, किंवा पाच-सहा जणांनी हातात प्रत घेऊन बसायचं असेल तर दुसरी घ्या, तासभर बोलणं संपणार नाही.

पहिली घेतलीत तर आवाज सांभाळा. मूनचा भित्रेपणा सांगताना चिडू नका, लाजल्यासारखं वाचा, कारण कथेतच मालक म्हणतो की मूनच्या भीतीची मला अशी शरम वाटली जणू भित्रा मीच होतो. या वाक्यावर जोर दिला तर गुपित तिथंच फुटतं. आणि शेवटी ‘आता माझा तिरस्कार करा’ म्हटलं की धन्यवाद वगैरे काही नको, माईक खाली ठेवा आणि जागेवर जाऊन बसा.