गेजवरचा १४.७ आणि माझे साडेत्रेपन्न हजार

इंदूरमध्ये कुणी तुमच्या मॉडिफाय केलेल्या गाडीत एअर-फ्युएल गेज (इंजिनात हवा आणि पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा मीटर) बसवून देत असेल, तर पैसे देण्याआधी हे वाचा. माझे ५३,५०० रुपये गेले. पण पैशांपेक्षा जास्त डाचतं ते हे, की तीन महिने मी एका खोट्या आकड्याच्या भरवशावर बायको-मुलीला घेऊन घाट चढत होतो.

माझी १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गेल्या वर्षी तिला हेडर (इंजिनातून धूर मोकळा बाहेर काढणारे पाइप), मोकळा एअर फिल्टर आणि रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) करून घेतला. गॅरेजवाला मराठी. आमच्या सुदामा नगरातल्या दोघातिघांच्या ओळखीचा, गणपतीत भेटणारा, बोलताना ‘भाऊ, आपलंच काम आहे’ म्हणणारा. पीथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर आपण गाड्या पळवल्या आहेत असंही तो सांगायचा. मी खोलात गेलो नाही. आपला माणूस म्हटल्यावर पक्कं बिलसुद्धा मागितलं नाही, ही माझी पहिली चूक.

रीमॅपनंतर मिश्रण बरोबर आहे का ते कळावं म्हणून त्यानेच वाइडबँड गेज सुचवला. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. आकडा त्याच्या वर गेला तर मिश्रण लीन, म्हणजे हवा जास्त. खाली आला तर रिच. गाडीतला मूळ ऑक्सिजन सेन्सर माझ्या गाडीत नॅरोबँड आहे. तो फक्त ‘१४.७ च्या या बाजूला की त्या बाजूला’ एवढंच सांगतो. किती, ते वाइडबँड सांगतो. म्हणून तो महाग. गेज, सेन्सर आणि फिटिंगचे मिळून २४,००० रुपये मी दिले.

पहिल्याच दिवशी आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू असताना, आकडा आला १७.२. पन्नास-साठच्या वेगाने चालवताना १५ च्या आसपास, आणि पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दाबला की १२.८. म्हणजे जिथे इंजिनवर जोर पडतो तिथे सगळं ठीक, आणि जिथे ते नुसतं उभं आहे तिथे बिघडलेलं. ही खूण फार मोठी होती. तेव्हा मला कळली नाही.

गॅरेजवाला आधी म्हणाला, ‘ई२० पेट्रोलमुळे असं दाखवतो.’ हे कुणीही सहज मान्य करेल, कारण सध्या सगळ्या गोष्टींचं खापर वीस टक्के इथेनॉलच्या ई२० वर फुटतंच आहे. पण सेन्सर पेट्रोल मोजत नाही, धुरात उरलेला ऑक्सिजन मोजतो. इथेनॉलला हवा कमी लागते, किलोला ९ किलोच, हे खरं. पण इसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) ऑक्सिजन सेन्सर बघून इंधन वाढवतो आणि गेज आपला १४.७ च्याच मापात आकडा दाखवतो. आयडलवर १७ यायला ई२० हे कारण पुरत नाही.

मग तो म्हणाला इंजेक्टर (इंजिनात पेट्रोल फवारणारे नोझल) कमजोर. १४,००० गेले. मग पंप, ७,५००. आकडा १७ च्या खाली येईना. जुने इंजेक्टर मागितले तर ‘भंगारात गेले भाऊ.’ शेवटी त्याने गाडी दोन दिवस ठेवून घेतली आणि फोन केला: ‘गेजच डिफेक्टिव्ह होता, कंपनीकडून बदलून घेतला, ट्यूनपण परत केली.’ ट्यूनचे ८,००० वेगळे. नवा गेज बघितला तर आयडलला १४.७, पूर्ण दाबल्यावर १२.४. मी खूश झालो. त्याला पेढे नेऊन दिले.

मे महिन्यात खंडवा रोडने चोरलहून परत येत होतो. सिमरोलच्या घाटात तिसऱ्या गियरवर बोनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज यायला लागला. बायको म्हणाली, ‘अहो, हे काय वाजतंय?’ मी गेजकडे बघितलं, १२.४. म्हटलं, मिश्रण तर उत्तम आहे. आणि तसाच चढवत नेला. इंजिन ठोकत असताना मी आकड्याकडे बघून ते नाकारलं, हे आठवलं की अजून अंगावर काटा येतो.

छडा लावला माझ्या मावसभावाने. दादा पीथमपूरला एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला आहे. रविवारी पोहे-जिलेबी खाऊन आम्ही गाडीपाशी गेलो. गाडी रात्रभर उभी होती. त्याने किल्ली फक्त ऑन केली, इंजिन सुरू केलं नाही. एक मिनिट थांबला. गेजवर १४.७.

दादा म्हणाला, ‘अरे, सायलेन्सरमध्ये आत्ता नुसती हवा आहे. खरा वाइडबँड गरम झाला की लीनच्या शेवटच्या टोकाला जायला हवा. हा १४.७ कुठून आणतोय?’

मग त्याने शेजारच्या सीटपुढचं कार्पेट उचललं. पाइपमध्ये बसवलेल्या वाइडबँड सेन्सरच्या पाच तारा तिथपर्यंत आणलेल्या होत्या आणि तिथेच कापून, काळ्या टेपमध्ये गुंडाळून, मॅटखाली दाबून ठेवल्या होत्या. कशालाच जोडलेल्या नव्हत्या. गेजची एक बारीक तार मात्र फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून) पुढे जाऊन मूळ नॅरोबँड सेन्सरच्या सिग्नलच्या तारेला निळी क्लिप लावून टोचली होती. इंजिन बंद असताना त्या तारेवर साधारण ०.४५ व्होल्ट असतात, म्हणजे बरोबर मधोमध. म्हणून १४.७. मिश्रण जरासं जरी रिच झालं की ती तार ०.८ च्या वर जाते, मग खरं १३.९ असो की १२.२. गेज दोन्हीला १२.४ म्हणतो. सरळ रस्त्यावर आकडा सारखा १४ आणि १५ मध्ये झुलायचा, तोही इसीयूचा नेहमीचा खेळ होता. मला वाटायचं किती जिवंत गेज आहे!

मूळ गेज काढून घेतला होता. तो बहुधा दुसऱ्या कुणाच्या गाडीत आज १७ दाखवत असेल.

दादाने ओबीडीचा (गाडीचा कॉम्प्युटर वाचणारा) छोटा अ‍ॅडाप्टर लावून फ्युएल ट्रिम बघितले: +१८ टक्के. म्हणजे इसीयू बिचारा सतत वरून इंधन ओततोय, कारण नवे म्हणून घातलेले इंजेक्टर पुरेसं देतच नाहीत. माझ्या फोनमध्ये फेब्रुवारीचा, इंजेक्टर बदलायच्या आधीचा स्क्रीनशॉट होता: +३. तेव्हा गाडी ठणठणीत होती. दादाने ओळखीतून खरा वाइडबँड आणून लावला, तर पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर १३.९. म्हणजे जोर पडताना पेट्रोल कमीच. घाटातला आवाज त्याचाच.

मग सुरुवातीचा १७.२? हेडर आणि पुढच्या पाइपच्या जोडावर काळी काजळी होती, नखाने खरवडता येईल इतकी. थंड इंजिन सुरू करून, सायलेन्सरच्या तोंडावर फडका धरून साबणाचं पाणी टाकलं, तर बुडबुडे. मूळ सेन्सर त्या जोडाच्या अलीकडे, वाइडबँड पलीकडे. आयडलला धुराच्या दोन ठोक्यांमध्ये पाइपात ओढ तयार होते आणि फटीतून बाहेरची हवा आत येते. सेन्सर तिला लीन समजतो. जोर दिला की धूर एवढा असतो की त्या हवेचा प्रभाव उरत नाही. ट्रिम नीट आणि फक्त वाइडबँड वेडावाकडा, असं दिसलं की इंजेक्टरला हात लावायच्या आधी हा जोड बघा. नवी गॅस्केट १८० रुपयांची. ती नीट न बसवणारा तोच, आणि तिच्या नावावर इंजेक्टर विकणाराही तोच.

गेज घेताना खोका आणि सीरियल नंबर हातात घ्या, तारा कुठून कुठे जातात ते उभं राहून बघा, आणि रात्रभर उभ्या गाडीत किल्ली ऑन करून बघायची चाचणी गॅरेजवाल्यासमोरच करा. बदललेला प्रत्येक जुना पार्ट मागून घ्या.

आम्ही दोघं त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, ‘भाऊ, गाडी मॉडिफाय आहे, तक्रार केली तर आधी आरटीओ तुम्हालाच धरेल.’ यात तथ्य आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे मूळ रचनेत असे बदल चालत नाहीत, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. गिऱ्हाईक याच भीतीने गप्प बसतं, हे त्याला पाठ आहे. माझी बाजू तिथे कच्ची आहे, ती मी मान्य करतो. म्हणून वाइडबँडचे पैसे घेऊन नॅरोबँड विकणं माफ होत नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. यूपीआयच्या पावत्या, व्हॉट्सअ‍ॅपवरचं बोलणं आणि कापलेल्या तारांचे फोटो जोडले आहेत. पैसे त्याच्या नव्हे, दुसऱ्याच कुणाच्या नावाच्या खात्यात गेले होते, ते आता बघून लक्षात आलं.

हेडर काढून मूळ मॅनिफोल्ड परत बसवला आहे. इंजेक्टर कंपनीचे घातले. ट्रिम +२ वर आहे. माझे जुने चार इंजेक्टर तेवढे अजून त्याच्याकडून यायचे आहेत.